माझ्यावर डांबर ओतणाऱ्या मुकादमाला

मित्रांनो, आमच्या मुकादमाला मी माफ करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला कोणी नमस्कार करत नाही म्हणून रुसणाऱ्यांतली मी नव्हे. पण या माणसाने मला जिवंतपणी गाडलं.

मी एक जुनी पाण्याची चावी आहे. घरातल्या नळाची नव्हे. विमानतळाच्या रस्त्याच्या कडेला जमिनीखालून जो मांडीएवढा जाड नळ जातो, त्याच्यावर बसलेली. मला फिरवलं की अख्ख्या विमानतळाचं पाणी थांबतं. भट्टीत लोखंड वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. अंगावर उठवलेली चार अक्षरं, तेवढीच माझी शाळा. पण माझ्या परवानगीशिवाय इथे कुठल्या तोटीला थेंब आला नाही, हे सांगायला शाळा लागत नाही.

पहिला चावीवाला रोज यायचा. झाकण उचलून लांब पाना घालायचा, जरा फिरवून बघायचा, ग्रीस लावायचा. तो थकला तशी त्याची लेक कामावर आली. तोंडाने फटकळ, अगदी माझ्या वळणाची. मी कुरकुरले की लाडाने दोन शिव्या द्यायची. केबल जोडणारा लंबू दुपारी माझ्या झाकणावर डबा उघडून बसे आणि 'सासूबाई, जरा सरका' म्हणे. मेल्याला दुसरी जागा नव्हती.

मग विमानतळ वाढवायचं ठरलं. आधी जमिनीच्या पोटातले नळ, केबल, गटारं बाजूला घ्यायची, मग वर इमारती. बाकी सगळ्यांना हलवलं, मला जागेवर ठेवलं. नवा नळही माझ्याच अंगाला जोडला. त्याचा केवढा तोरा होता मला. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून मुकादमाने रस्ता रुंद करायला घेतला. लेकीने त्याला बजावलं की रस्त्याची उंची वाढतेय, आधी चावीचं झाकण वर घ्या. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, कुठे पळून जातेय ती? लागली की काढू खणून."

वरून गरम डांबर आलं, रोलर फिरला आणि अंधार झाला. साहेब त्या गुळगुळीत रस्त्यावरून गेले म्हणे, गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

कित्येक महिने मला कोणी फिरवलं नाही. माझे सांधे धरले. मग एके सकाळी लंबू शेजारच्या खड्ड्यात उभा राहून केबल जोडत होता, आणि खणणाऱ्या यंत्राचा दात नळात घुसला. पाण्याच्या माऱ्याने खड्ड्याची कड ढासळली, लंबूचा पाय मातीखाली अडकला. पाणी चढू लागलं. चावी बंद करा, चावी बंद करा, एकच ओरडा. पण चावी कुठे आहे? लेक म्हणे इथे, मुकादम म्हणे तिथे. सगळीकडे सारखंच काळं डांबर. खुणेचं झाडसुद्धा तोडून टाकलेलं. तीन ठिकाणी रस्ता फोडला, तिन्हीकडे नुसती खडी. पाणी लंबूच्या छातीला लागलं, मग हनुवटीला. उंच होता म्हणून तेवढा तरी वेळ मिळाला.

पुढचा घाव माझ्या झाकणावर बसला आणि झाकणाचे तुकडे झाले. लेकीने पाना घातला, मी हलेना. मग चौघे त्या पान्याला झोंबले. अंगाचे तुकडे पडतील असं वाटलं, तरी फिरले. पाणी थांबलं.

लंबू वाचला. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

मित्रांनो, जे जमिनीखाली निमूट राबतं, त्याचं तोंड तरी उघडं ठेवा. एवढंच मागणं आहे माझं. तुम्हाला समजेल, त्याला नाही समजलं. परवा माझं नवं झाकण बसवताना तो लेकीला म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, कोणी मेलं तर नाही."

एवढी फटकळ पोर, पण ती पाना आपटून तरातरा चालू लागली. मग मीच बोलले, त्याला ऐकू जावो न जावो.

"मेलं नाही, ते त्या चौघांच्या मनगटांमुळे. तुझ्यावर सोडलं असतं ना, तर तू त्या खड्ड्यावरही डांबर ओतून रोलर फिरवला असतास."