वेशीतली वहाण

जवाची मळणी संपत आली होती. यमीमा खळ्यावर उभी राहून सुपाने धान्य उफणत होती, आणि भूस तिच्या डोळ्यांत, केसांत, तोंडात जात होतं. शेत तिच्या नवऱ्याचं, हेबेरचं. तीन वर्षांपूर्वी तो तापाने गेला, मूलबाळ नव्हतं. आता त्याच्याच खळ्यावर त्याची बायको रोजच्या दोन ओंजळी जवांसाठी राबत होती.

"वहिनी, हात उचला की जरा! वारा काय तुमच्या बापाचा गडी आहे, थांबायला?" धाकटा दीर शल्लूम सावलीत बसून अंजीर खाता खाता ओरडला.

रीत आमच्या डोंगरातल्या पोरासोरांनाही पाठ. भाऊ मूल नसताना मेला तर दिराने भावजयीला बायको करून घ्यायची. पहिला मुलगा मेलेल्याचं नाव लावणार, त्याचं शेतही तोच घेणार. दिराला नको असेल तर त्याने वेशीत पंचांपुढे तसं सांगावं. मग भावजयीने त्याच्या पायातली वहाण काढायची, त्याच्या तोंडावर थुंकायचं, की ती मोकळी. हवा तिथे संसार मांडावा. पण शल्लूम मोठा बेरकी! त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही. पहिल्या वर्षी म्हणाला, मेंढ्यांची लोकर उतरू दे. दुसऱ्या वर्षी, द्राक्षं उतरू देत. यंदा तर विषयच काढला नाही. चोवीस वर्षांची बाई, ना कुणाची बायको ना मोकळी, आणि शेत आयतं शल्लूमच्या घशात. गावातल्या बायका म्हणायच्या, देव बघून घेईल त्याला. गावाने डोळे मिटून घ्यायचे आणि बघायचं काम देवावर टाकायचं, वा रे वा!

दुपारी पाणी प्यायला ती बांधाकडे गेली आणि जागीच थांबली. हेबेरने स्वतःच्या हातांनी रोवलेला मेरेचा दगड नव्हता. तिथे ताज्या मातीचा खड्डा होता.

"भावजी, दगड कुठाय?"

"तो होय? सकाळीच काढला. नांगरटीला आडवा येतो." शल्लूमने बोटं चाटली. "गोठ्याच्या उंबऱ्याला टाकलाय. फार छान बसला हो!"

यमीमाच्या अंगाची लाही लाही झाली. उपास तिने गिळले होते, टोमणे गिळले होते. पण हेबेरचा दगड, आणि त्याच्यावरून याची गुरं जाणार? तिने सूप तिथेच आपटलं आणि तडक वेस गाठली.

वेशीतल्या दगडी ओट्यावर दहा पंच बसले होते. मधोमध म्हातारा मत्तन. शल्लूमकडे लोकर कातरायची मेजवानी असली की पहिलं ताट याचंच.

"लेकी, जरा सबुरी धर," तो म्हणाला.

"तीन वर्षं धरली, बाबा. बोलवा त्याला."

"पण तो नाही कुठे म्हणालाय?"

"तेच तर! आज काय ते एक म्हणू दे. तोवर मी इथून हलायची नाही. उद्या तुमच्या लेकीबाळींवर हीच पाळी आली, तर त्यांना ही सबुरीच वाढा जेवायला!"

पाणी भरायला निघालेल्या बायका थांबल्या, गाढवं थांबली, गर्दी जमली. मत्तनचा नाइलाज झाला. शल्लूम आला तो हसतच.

"मी कधी नाही म्हणालो?"

"मग हो म्हण," यमीमा म्हणाली. दिराला अरेतुरे! बायकांनी तोंडाला पदर लावले. "दगड जागेवर रोव. मला घरात घे. आणि पहिला मुलगा हेबेरचा, हे यांच्यापुढे कबूल कर."

शल्लूमने वेशीबाहेर उतरणीकडे पाहिलं. तिथे त्याचं शेत होतं, सकाळपासून दुप्पट झालेलं.

"मला नाही जमणार," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"नाही करत, जा!"

तिने खाली बसून त्याचा पाय धरला. एवढ्यात गर्दी सारत तिची जाऊ, शल्लूमची बायको अतारा, दोन पोरींना ओढत आली. "जाऊबाई, पाया पडते! थुंकू नका हो. घराला वहाणेचं नाव पडेल. माझ्या नोआला कोण करून घेईल?"

यमीमाचा हात थबकला. दहा वर्षांच्या नोआचे केस तीच विंचरायची. आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या जात नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"बघ, त्या लेकरांकडे बघ," मत्तनने संधी साधली. "सोड त्याला."

"तीन वर्षं माझ्याकडे कुणी बघितलं नाही, बाबा. आज बरी लेकरं दिसली!"

पाय सोडला असता तर ती जन्मभर त्याच खळ्यावर बांधलेली राहिली असती. तिने वादी सोडली, वहाण ओढून काढली, उठली, आणि थुंकली. थुंकी शल्लूमच्या दाढीवरून ओघळली. खोटं कशाला सांगू, यमीमाला फार बरं वाटलं. शेत त्याच्याकडेच राहणार होतं. राहू दे मेल्याकडे! आता त्याने प्रत्येक घास या थुंकीसकट गिळावा.

मत्तन उठला. "आजपासून याच्या घराला वहाण काढलेल्याचं घर म्हणावं."

"ए वहाणकाढल्याची!" गर्दीतून एकाने लगेच नोआला हाक मारली. लोक खदखदून हसले. पोरीने आईच्या कुशीत तोंड लपवलं.

यमीमा वहाण घेऊन गर्रकन वळली. "कोण बोललं?"

हाक मारणारा एका गाढवाआड सरकला.

"मी याच्या तोंडावर थुंकले, हिच्या नाही. गुन्हा याचा. हिने काय केलंय?"

"रीत घराची असते, लेकी," मत्तन म्हणाला. "पूर्वापार."

"रीत मला शिकवता? मी उपाशी झोपत होते तेव्हा कुठे होती तुमची रीत?" रागाने तिने वहाण मत्तनपुढे नाचवली. "उद्या मी माहेरी जाते. पण दर मळणीला येईन, आणि या पोरींना विचारीन. त्यांना त्या नावाने जो हाक मारील, मग तो पंच का असेना, त्याच्या तोंडावर इथेच थुंकेन. वहाण काढायलाही थांबणार नाही."

कुणी हसलं नाही. मत्तन खाली बसला आणि हळूच त्याने आपली दाढी पुसली.