उतारावरचं मत

शिलाईकाकूंनी संसार केला तो नाल्याकाठच्या खालच्या ओळीत. तिथे आभाळ भरून आलं की आधी पीठमीठ माळ्यावर जायचं, मग म्हातारी माणसं, मग अंथरुणं. शेजारी इस्त्रीवाली मावशी. दोघींच्या मध्ये एकच भिंत. पाणी उंबऱ्याला लागलं की जिला आधी दिसेल तिनं भिंतीवर तीन थापा मारायच्या, असा त्यांचा शिरस्ता. पालिकेत अर्ज द्यायला, साहेबापुढे ठाण मांडायलाही दोघी बरोबरच.

"पाणी काय आपल्या पायांनी येतं? वरचे ढकलतात म्हणून येतं," मावशी म्हणायची.

"तर काय! वरच्यांना खालचं दिसतंय कुठे?" काकू म्हणायच्या.

मग मुलानं टेकडीवर सातव्या मजल्यावर घर घेतलं. काचा लावल्या की तिथे पाऊस ऐकूच यायचा नाही, नुसता दिसायचा. पहिलं वर्ष काकू दर रविवारी खाली जायच्या. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा फोनवर भागवलं. मग फोनही राहून गेला. त्यांची जुनी खोली रिकामीच पडली होती.

तिसऱ्या वर्षी इमारतीची सभा भरली. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचत होतं, सुनेची नवी गाडी त्यातच बंद पडली होती. सेक्रेटरी म्हणाले, "मागच्या भिंतीतून मोठा पाइप काढू. उतार आहेच, पाणी आपोआप जाईल."

कुठे जाईल, हे कुणी विचारलं नाही. काकूंनी विचारायची गरजच नव्हती; उतार कुठे संपतो हे त्यांना ठाऊक होतं, खालच्या ओळीत. तरी सगळ्यांबरोबर त्यांनीही हात वर केला.

त्या पावसाळ्यात एका दुपारी तासाभरात खालच्या ओळीत पुरुषभर पाणी चढलं. मावशीची लेक कामावर होती. मावशी गेली.

काकू जाऊन आल्या, चार बायकांत बसल्या, रडल्या, पाइपाबद्दल मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत. आठवड्यानं त्या ब्लाउजला हुक लावत बसल्या असताना पलंगामागच्या भिंतीवर थाप पडली. एक. दोन. तीन. त्या भिंतीपलीकडे सात मजले खोल मोकळी हवा होती.

"कबुतरं असतील, आई," सून म्हणाली.

"कबुतरं मोजून वाजवतात का गं?"

दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी थापा पडल्या. बाहेर कडकडीत ऊन होतं. संध्याकाळी सून घरी आली तर गाद्या कपाटावर, पिठाचा डबा फळीवर, शिलाई मशीन जेवणाच्या टेबलावर. काकू पाय वर घेऊन पलंगावर बसलेल्या. हे सगळं कधी उचललं, त्यांना सांगता येईना.

सकाळी उठून त्या गुडघे धरत खाली उतरल्या. मावशीची लेक दारात चिखल खरवडत होती.

"समोरचे माळ्यावरून बघत होते, काकू. आई शेवटपर्यंत भिंत बडवत होती," ती म्हणाली. "तुमच्याकडची."

 काकू तिथेच पायरीवर बसल्या. "पोरी, त्या पाइपाला मीही हात वर केला होता. सगळं ठाऊक असून."

लेकीचं खरवडणं थांबलं. ती आत गेली. काकूंना वाटलं, आता दार लावून घेणार. पण ती हातात कागद घेऊन आली. ओळीतल्या लोकांनी पाइपाविरुद्ध केलेला अर्ज होता तो.

"सही करा."

"पत्ता कुठला लिहू?"

"वरचा. खालचे पत्ते पुष्कळ झालेत."

काकूंनी वरचा पत्ता लिहिला. पालिकेतल्या सुनावणीला उभ्या राहून सभेत काय ठरलं, कुणी काय म्हटलं, सगळं सांगितलं. मुलगा चिडून म्हणाला, "आई, आपल्याच घरावर दगड?" त्याच्याकडे बघून काकू म्हणाल्या, "मावशी कुणाच्या घरची होती?"

चार महिन्यांनी पाइप बुजवला गेला. इमारतीतल्या बायकांनी काकूंकडे कपडे टाकणं सोडलं. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणं बंद पडायचं. खालच्या ओळीतल्या दोघी-तिघी मात्र टेकडी चढून माप द्यायला यायला लागल्या. मावशीची लेक कधीच आली नाही, आणि काकूंनीही तिला कधी बोलावलं नाही.