गाण्यासाठी गप्प झालेलं गाव

या, जवळ या. अजून सरका, चटई मोठी आहे आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. करवंटी फिरत राहू द्या, मुळं कुटून केलेला काव्हा घ्या, आणि ऐका. आज तुम्हाला आमच्या देवळाच्या उद्घाटनाच्या गाण्याची गोष्ट सांगणार आहे. त्या गाण्याचा जीव आम्ही सगळ्या गावाने मिळून, निव्वळ प्रेमापोटी, घ्यायला निघालो होतो!

मला प्रवचन आवडतं ते मध्येच गाण्यात शिरणारं. पाळक बोलता बोलता गहिवरून थांबतात, मागच्या बाकावरची एखादी म्हातारी हळूच सूर धरते आणि बघता बघता सगळी मंडळी उभी राहून त्या सुरात वाहून जाते. अशा वेळी प्रभू आमच्यात येऊन बसलाय असं मला अगदी नक्की वाटतं. तर असे आम्ही लोक. आमचं देऊळ वादळाने नेलं, छप्पर थेट समुद्रात. कितीतरी पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली उपासना केली. शेवटी नवं देऊळ उभं राहिलं, पांढरंशुभ्र. उद्घाटन ठरलं. वाव्हाऊच्या सगळ्या बेटांवरून माणसं येणार, राजधानीहून मंडळीचे अध्यक्ष येणार, डुकरं हेरून ठेवली, सुरणं काढायला झाली. आणि गाणं नाही!

नव्या देवळाला नवं गाणं हवंच. शब्द रचायचे, चाल लावायची, हात कसे हलवायचे तेही ठरवायचं, हे सगळं एकट्याने करतो त्याला आम्ही पुनाके म्हणतो. आमचे पुनाके आदल्याच वर्षी देवाघरी गेले होते.

सभा भरली. गायनमंडळीचा प्रमुख केपुएली उठला. माणूस किडकिडीत, पण हात वर केला की शंभर गळे त्याच्या बोटाला बांधलेले.

"लेसिएलीला सांगू या," तो म्हणाला.

"कोण? सिआलेची बायको?" हाविली कारभारी खुर्चीतच वळले. मंडळीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस सरळ, पण इस्त्री केल्यासारखा. "अहो, मुलांच्या रविवारी चार ओळी रचणं वेगळं आणि अध्यक्षांसमोर उभं राहणं वेगळं. राजधानी नुकुआलोफाहून मोठा गीतकार बोलवू."

"त्याला आपल्या देवळाचं काय माहीत?"

"मग सांगू की! खांब किती, खिडक्या किती, रंग कुठला."

"आणि तो काय गाणार? 'हे प्रभू, दहा खिडक्यांच्या'?" मागून एक बाई म्हणाली, आणि सभा हसून लोळली. कारभारी सोडून.

पाळकांनी हात वर केला. "आपल्या घरात दिवा आहे की नाही, ते आधी पेटवून तर बघू. लेसिएली गाणं करेल. आणि तिला सांभाळायचं काम सगळ्या गावाचं."

"बरं," कारभारी म्हणाले, "पण ईस्टरच्या सोमवारपर्यंत. त्या दिवशी गायनमंडळीच्या तोंडात गाणं नसेल तर मी राजधानीला फोन लावणार. आणि मग या पोरीचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. चाललं?"

चाललं. लेसिएली मागे दाराशी बसली होती, दोन्ही हात तोंडावर. मी तिचा शेजारी, तिच्या वडिलांचा मित्र. घरी जाताना वाटेत तिने मला गाठलं.

"काका, मला हे हवंय हो," ती म्हणाली. "लहान होते ना, तेव्हा पुनाके पुढे उभे राहायचे आणि मी झाडामागे त्यांचे हात करून बघायची. हे नाही जमलं तर मला दुसऱ्यांदा कोण विचारणार?"

"जमेल गं. सगळं गाव आहे ना तुझ्या पाठीशी."

आणि होतंच! काय सांगू तुम्हाला, असं गाव शोधून सापडणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चुलीला विस्तव लागला नाही. रोज एकेका घराची पाळी. नारळाच्या दुधात शिजवलेलं पानातलं मटण, भाजलेलं डुक्कर, सुरण, मासे, वर पुन्हा गोड. तिची दोन्ही मुलं तिच्या जावेकडे पाठवली. डुकरं पलीकडच्या वाडीत कोंडली. तिचा कोंबडा आरवतो म्हणून एकाने तो उचलून थेट दुसऱ्या टोकाला नेला. तिच्या घरामागे बायकांची पडवी आहे. तिथे त्या सगळ्या ओळीने बसून तुतीची साल मोगरीने कुटतात, कापड करतात, आणि लेसिएली त्यांच्यात रोज असायची. ती पडवी बंद! "तिला आवाज नको," असं ठरवून बायका मोगऱ्या आणि कुटायचे लाकडी पाट घेऊन पार पलीकडच्या किनाऱ्यावर गेल्या. बँडवाल्यांनी तुताऱ्या गुंडाळून ठेवल्या. सिआले नवरा असून स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायचा.

माणसं रस्त्याने जाताना कुजबुजायची. खिडकीशी आलं की मात्र कुणाला राहवायचं नाही. हळूच डोकं आत: "आलं का?"

"नाही अजून."

"असू दे, असू दे. खाऊन घे."

असं दिवसभर. लेसिएली पेन्सिल धरून बसलेली, समोर ताट, भोवती शांतता. आठवडे गेले. गाणं येईना. एक ओळ लिहायची, खोडायची. कुणाला काही बोलायची सोय नाही, कारण जो तो मायेने करत होता. "मला नको" म्हणायचं तरी कसं? ती फक्त जाड होत चालली आणि डोळे सुजत चालले. केपुएलीची झोप उडाली. कारभारी रोज देवळासमोरून जाताना नुसता खिशातला फोन चाचपायचे.

ईस्टर चार दिवसांवर आला आणि नेइआफू बंदरातून सुटलेल्या होडीतून वाइसिनिया उतरली.

ही लेसिएलीची सख्खी आत्या. मुलाकडे ऑकलंडला होती, उद्घाटनासाठी न कळवता आली होती, सगळ्यांना चकित करायला. आमच्याकडे आत्या म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. भावाच्या घरात तिचा शब्द शेवटचा. लग्नात तिचा मान, मरणात तर मृताच्या उशाशी तीच बसायची.

तर आत्या धक्क्यावरून गावात शिरली. बघते तो मोगऱ्यांचा ठकठकाट नाही. बँड नाही. पोरं नाहीत, डुकरं नाहीत. माणसं चवड्यांवर चालताहेत. समोरून केपुएली आला, खांद्यावर झाकलेली जेवणाची टोपली, डोळे जागरणाने लाल.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

केपुएलीने ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि लेसिएलीच्या घराकडे दाखवलं.

बस्स! आत्या समजायचं ते समजली. कुणाला आणखी विचारायचं राहिलंच नाही. वाटेतल्या एका घराच्या दोरीवरचे काळे कपडे तिने ओढून चढवले, आमच्या शोकाच्या रीतीप्रमाणे बॅगेतून आजीची तलम जुनी चटई काढून कमरेला गुंडाळली आणि मोठ्याने विलाप करत निघाली. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी गातच रडतात, आणि वाइसिनियासारखं रडणारं आमच्या बेटांवर दुसरं कुणी नव्हतं.

"माझ्या भावाच्या अंगणातलं फूल गं, कुणी खुडलं! मी लांब होते गं, मला का नाही हाक मारली!"

त्या सन्नाट्यात तो सूर असा चढला की घराघरांतून माणसं बाहेर पडली. कोण गेलं? कोण गेलं? जो तो धावतोय. मीही धावलो. आत्या दार ढकलून आत शिरली, उशाशी बसायला म्हणून गुडघ्यांवर टेकली, आणि समोर लेसिएली! मांडी घालून बसलेली, तोंडात डुकराच्या तंगडीचा घास.

आम्ही खिडकीतून, दारातून डोकी आत खुपसली.

"तू," आत्या म्हणाली, "तू खातेयस?"

"आत्या... जेवणाची पाळी... आज केपुएलीकडची."

"मेलेली नाहीस?"

"नाही गं आत्या!"

"मग मी ऑकलंडहून येऊन रडले कुणासाठी!"

आणि लेसिएली हसली. आधी घास नाकात गेला, मग ती जी हसत सुटली, ते आम्ही खिडकीतले, दारातले, अंगणातले सगळे हसत सुटलो. सिआले तर जमिनीवर बसला. आत्या आधी रागावली, मग तीही हसली, मग पुन्हा रडली, या वेळी पोरीला पोटाशी धरून. आणि त्या मिठीतच लेसिएलीने एकदम मान वर केली.

"आत्या, मघाची चाल. पुन्हा रड ना."

"काय?"

"'मी लांब होते गं' तिथून. रड ना, लवकर!"

आत्याने आमच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि पुन्हा सूर लावला. लेसिएली त्याच्यावर हळूहळू दुसरे शब्द ठेवू लागली: देऊळ म्हणजे आमची आई, तिच्या पडलेल्या भिंती, समुद्रात गेलेलं छप्पर. जणू गावाने देवळासाठी करायचा राहिलेला विलाप. मग ती अडली.

"इथून पुढे वर उठायला हवं," ती म्हणाली. "पण ठेका नाही माझ्यापाशी. इथे काहीच ऐकू येत नाही, आत्या. कुटल्याचा आवाज नाही, पोरांचा नाही. माझं सगळं तिथूनच यायचं."

"मग हे कुणी बंद केलं?"

कारभारी घसा साफ करून म्हणाले, "तिला शांतता मिळावी म्हणून मंडळीने ठरवलं होतं..."

"शांतता? मला वाटलं पुरायला निघालात! ही माझ्या भावाची मुलगी आहे. पोरं आणा. कोंबडा आणा. आणि त्या बायका कुठेत? बोलवा त्यांना! हाविली, बघतोस काय, चल किनाऱ्यावर, त्या कुटायच्या पाटाचं दुसरं टोक धर!"

आत्यापुढे कारभारी काय आणि अध्यक्ष काय! इस्त्रीच्या सदऱ्यात हाविलींनी पाट वाहिला. दुपार व्हायच्या आत पडवीत मोगऱ्या पडू लागल्या, पोरं ओरडू लागली, बँडवाल्यांनी तर सूड उगवल्यासारख्या तुताऱ्या फुंकल्या. लेसिएली बायकांच्या ओळीत बसली, तिच्या हातात मोगरी, ओठांवर शब्द, मध्येच ओरडायची, "केपुएली, घे!" आणि केपुएली समाजघरातला फळा अंगणात आणून आमच्या रीतीने सुरांचे आकडे खडूने मांडायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. आम्ही खालच्या सुरातले पुरुष कुंपणाला टेकून तिथल्या तिथे आकडे गात होतो. गुड फ्रायडेला आणि ईस्टरच्या रविवारी कुणी मोगरीला हात लावला नाही, पण प्रत्येकाच्या तोंडात ती चाल घोळत होती.

सोमवारी आम्ही गायला उभे राहिलो. कारभारी समोर बसले. शेवटची ओळ झाली. फोन खिशातून काढून त्यांनी बंद केला आणि म्हणाले, "खालच्या सुरातले थोडे मागे पडताहेत." तो टोमणा आम्हाला होता!

आणि उद्घाटनाचा दिवस! देऊळ खच्चून भरलं, खिडक्यांतसुद्धा माणसं. आम्ही विलापाने सुरुवात केली. पाहुण्या गावांचे लोक चमकले. "आज रडायचं कशाला?" एक बाई पुटपुटली. पण दुसऱ्या कडव्याला तिच्याच डोळ्यांतून धारा. मग बायकांनी गुडघ्यांवर हात आपटून मोगऱ्यांचा ठेका धरला, आम्ही खालून सूर उचलला, केपुएलीचे दोन्ही हात वर गेले, आणि 'उठली, उठली, आमची आई उठली' या ओळीवर देऊळ फुटलं! "मालिए! मालिए!" शाबासकीच्या आरोळ्या. माणसं बाक सोडून नाचत पुढे आली. आणि सगळ्यांत पुढे कोण? हाविली कारभारी! कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सुटत आलेली, एका हाताने ती धरलेली, दुसरा हात आभाळात, डोळ्यांत पाणी. अध्यक्षांना प्रवचन सुरूच करता येईना. आम्ही पुन्हा गायलो. पुन्हा गायलो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "प्रवचन होऊन गेलंय. मी फक्त आमेन म्हणतो. हे कुणाचं?"

लेसिएली बायकांच्या दुसऱ्या ओळीत दडली होती. हाविलींनी धापा टाकत तिच्याकडे हात केला.

"आमच्या पुनाकेचं," ते म्हणाले.

तो शब्द ऐकल्यावर ती जी रडली, ती आत्यालाही आवरेना.

तेव्हापासून शेजारच्या बेटांवरून तिला बोलावणी येतात. आता बायकांच्या मोठ्या मेळाव्याचं गाणं तिच्याकडे आहे. काल कुंपणावरून विचारलं, तर म्हणाली, "काका, अजून एक ओळही नाही." म्हणून सांगतो, रात्री झोपताना आपापल्या माणसांची नावं देवापुढे घ्याल ना, तेव्हा त्यांत एक लेसिएलीचंही घ्या.