पुजलेले बैल आणि अडगावची लढाई

आंजीच्या तानबा सुताराने पाच वर्षांत प्रभाकरराव मास्तरांविरुद्ध एकही लढाई जिंकली नव्हती, आणि हे त्याला उठता-बसता सलायचं. टेबलावरचे बोटभर शिपाई, घोडे, तोफा, सारे त्यानेच सागाच्या तुकड्यांतून कोरलेले. स्वतःच्याच हातच्या फौजेनं दरवेळी नाक कापावं म्हणजे काय!

खेळ मास्तरांचा. रिटायर झाल्यावर माणसं भजनाला लागतात, हे जुन्या लढाया पुन्हा लढायला लागले. आधी फासे टाकायचे, मग तासभर भांडायचे. शेवटी मास्तरांच्या लेकीने, प्रेरणाने, सगळे नियमच लॅपटॉपमध्ये घातले. आता आपण फक्त हुकूम द्यायचा. कोणती पलटण दमली, कोणाचा धीर किती उरला, ते यंत्राच्या पोटात राहतं. खऱ्या सेनापतीला तरी ते कुठं दिसत होतं?

आज लढाई अडगावची, १८०३ सालची. तानबाकडे भोसल्यांची फौज, मास्तरांकडे इंग्रज. दिवस तान्ह्या पोळ्याचा. तानबाने पहिल्या हुकमातच तोफा डागल्या.

प्रेरणाने पडद्यावरचं वाचलं, "इंग्रजांच्या तीन पलटणी फुटल्या. पळून राह्यल्या."

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "तानबा, त्या दिवशी असंच झालं होतं. तीनच पलटणी. प्रेरणा, हे तू आधीच यात लिहून ठेवलंस का गं?"

"नाई बाबा. मी फक्त जमीन, अंतर आन् माणसं सांगितली त्याले."

तानबाच्या अंगावर सरसरून काटा आला. दोनशे वर्षांपूर्वीचा दिवस इथे, या टेबलावर, पुन्हा उगवला होता.

"काका, ते सावरायच्या आत तोफा पुढं घ्या," प्रेरणा म्हणाली. "बैल जुंपू?"

तानबाचा हात थांबला. तोफा ओढणारे ते चोवीस लाकडी बैल सकाळीच त्याच्या बायकोने, सीताबाईने, पुजले होते.

"आज नाई जुपत."

"काका, लाकडाचे हायेत ते."

"म्हणूनच तं. काल खऱ्या बैलाचा सण झाला, आज लाकडाच्या बैलाचा. सणाच्या दिवशी मानेवर जू ठेवू?"

"अरे, जिंकून राह्यला तू," मास्तर कळवळून म्हणाले. "जुप, मी सांगतो."

तानबाचा जीव तुटत होता. पण तो नाही म्हणाला.

मग पलटणी सावरल्या आणि उलटून आल्या. तासाभरात भोसल्यांची फौज मोडली. खेळ संपला की यंत्र पोटातलं सगळं उघड करतं, ते प्रेरणा वाचू लागली.

"घोडदळ पळालं. पायदळ पळालं. तोफखाना..." तिचा आवाज खाली आला. "बैल नव्हते, म्हणून तोफा मागं नेता आल्या नाई. पण गोलंदाज तोफा सोडून गेले नाई. धीर शेवटपर्यंत शंभरातून सत्त्याण्णव. जिवंत कोणी नाई."

तानबा वाकून त्या बारा गोलंदाजांकडे बघत राहिला. आपण कोरलेल्या लाकडात एवढं काही उभं असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"खरेही असेच उभे राह्यले असतीन का, मास्तर?"

"त्याच साली, दोन महिने आधी, असईच्या लढाईत राहिले होते. इंग्रजांनीच लिहून ठेवलंय."

"आन् त्यायची नावं?"

"नावं नाही लिहिली कोणी."

तानबाने डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बैलाईले वाचवलं म्या," तो हळूच म्हणाला. "हे बारा जण माह्या भरोशावर उभे होते, त्यायच्याकडं पाह्यलंच नाई."