त्रेसष्टचा आठवडा

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. पस्तीस वर्षं बारा-बारा मजल्यांच्या शाफ्टमध्ये उतरले, डोक्यावर लोखंडी डबा लटकतोय याची कधी फिकीर केली नाही. आणि घाबरले कशाला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरला.

यांच्या घराण्यात त्रेसष्टचा धाक आहे. सासरे त्रेसष्ट पूर्ण झाल्यावर आठवड्याच्या आत गेले, मोठे दीरही तसेच. दोघंही धडधाकट, बसल्या जागी. यांना आत्ता कुठे एकसष्ट पूर्ण झालेली, म्हणून मी निर्धास्त होते.

मग एका दुपारी हे पेन्सिल घेऊन कॅलेंडरसमोर बसले. आमच्या कॅलेंडरवर मोठ्या इंग्रजी तारखेखाली चंद्राची, म्हणजे हिजरी तारीख बारीक अक्षरात असते.

"अगं, मी रजब महिन्याच्या पहिल्या तारखेचा. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान. त्या हिशेबानं माझी त्रेसष्ट येत्या रजबला भरतात."

"कुणी सांगितला हा उद्योग?" मी म्हटलं. "एरवी किराण्याची यादी धड करता येत नाही."

हे हसले नाहीत. "रोजे आपण चंद्रावर धरायचे आणि मरण तेवढं ऑफिसच्या तारखेनं यायचं, असं असतं का?"

वेडेपणा आहे म्हणावं, तर दोन माणसं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

आधीच्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर उभे राहिलो. ढग होते. चंद्र दिसला नाही, म्हणजे महिना तीसचा, रजब एक दिवस पुढे. "दिसला असता तर एक दिवस आधी सुटलो असतो," हे म्हणाले. मला मात्र एक दिवस पदरात पडल्यासारखं वाटलं.

आठवडाभर घरी बसा म्हटलं, तर ऐकतील कसले. मग मीही हट्टाला पेटले. डबा आणि शिवणाची पिशवी घेऊन मी रोज यांच्याबरोबर निघायची. एका ऑफिसच्या इमारतीत काम चालू होतं. तळमजल्यावर लिफ्टच्या उघड्या दाराजवळ स्टूल टाकून बसायची आणि दर पाच मिनिटांनी वर हाक मारायची, "अहो, आहात ना?" वरून उत्तर यायचं, "आहे, आहे." येणारेजाणारे कारकून माझ्याकडे बघायचे. बघेनात का.

पाचव्या दिवशी उत्तर आलं नाही.

मी पुन्हा हाक मारली. दारातून आत डोकं घातलं. काळोख, ग्रीसचा वास, वर जाणारे लोखंडी दोर, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा कशीबशी ओरडले, तेव्हा आवाज आला, "अगं, तोंडात स्क्रू धरले होते." मी तिथंच बसून रडले आणि रडता रडता यांना चार शिव्याही घातल्या.

रजबची आठ तारीख उलटली. नऊ तारखेला हे पोटभर जेवले, शीळ घालत दाढी केली आणि एकटेच कामावर गेले. थोड्या वेळानं जाऊबाई आल्या. मोठ्या दिरांची ही बायको. मी हसत हसत सगळं सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "चंद्रानं कुणी मोजलं होतं?" त्या म्हणाल्या. "आमचे तर गिरणीच्या कागदावरची इंग्रजी तारीख धरायचे. त्या तारखेला त्रेसष्ट भरली, चौथ्या दिवशी गेले. मामंजींचंही तसंच. दोघांचे कागद आणि मृत्यूचे दाखले माझ्याच पेटीत आहेत, बघायचे तर ये."

"म्हणजे यांचं अजून..."

"अजून यायचंय."

मी त्यांचा हात धरला. "यांना सांगू नका."

"वेडी आहेस का. नाही सांगत."

त्या गेल्यावर मी कॅलेंडरपुढे उभी राहिले. या वेळी मोठ्या आकड्यांवर बोट ठेवून मोजलं. एक वर्ष, दहा महिने आणि आठ दिवस. आठवडाभर निदान दोघं मिळून घाबरलो होतो, आता एवढे दिवस मला एकटीनं घाबरायचं होतं.

तेवढ्यात यांचा फोन आला. मागे लिफ्टच्या मोटरचा आवाज होता.

"अगं, आता स्टुलावर बसायला येऊ नकोस. सुटलो मी."

"हो," मी आवाज सरळ ठेवत म्हटलं. "सुटलात."