जिन्याखालून

मुकीला मुकी हे नाव सासरी पडलं. बोलता यायचं तिला, पण विचारल्याशिवाय ती बोलत नसे आणि त्या घरात तिला कोणी फारसं विचारत नसे. दिवसभर खिडकीपाशी बसून ती शर्टांची काजं-बटणं करायची. दातांत दोरा, मांडीवर शर्टांचा ढीग. नणंद आली की हसायची, "वहिनीच्या तोंडालाच कुणीतरी आधी बटण लावलंय."

ती मुकी आता घरोघर फिरून बोलत होती, आणि बायका हातातली कामं टाकून ऐकत होत्या.

तिला फिरवत होत्या आरोग्यताई. कुणी नेमलेलं नसताना वर्षानुवर्षं त्या हे काम करत आल्या होत्या. तान्ह्या मुलांच्या घरी जायचं, बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवायचं, वजन बघायचं, आयांना चार गोष्टी समजावायच्या, एखाद्या आजीशी भांडून बाळाला दवाखान्यात पाठवायचं. ताईंचा आवाज मोठा, मन मोठं आणि गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या घरांची चौकशी त्या जिन्याखालूनच करायच्या. "काय गं, बाळ कसंय?" वरून उत्तर आलं की पुढचं दार. रडण्याच्या सुरावरून ताई दुखणं ओळखतात, असं लोक म्हणायचे, आणि बऱ्याचदा ते खरंही निघायचं.

मुकीच्या बाळाला जुलाब लागले, त्या दिवशी सासू लेकीकडे गेली होती आणि नवरा कामावर. ताईंची हाक ऐकून मुकी बाळाला कडेवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली.

"ताई, सकाळपासून थांबतच नाहीयेत. डोळे बघा ना, कसे आत गेलेत."

खालून काय दिसणार? ताईंनी मान वर केली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दात येत असतील गं. होतं असं. घाबरू नकोस. पाणी पाजत राहा."

मुकी घाबरली नाही. सांगितलेलं ऐकायची तिला लहानपणापासून सवय. आधी बाळ पाण्याच्या वाटीवर तुटून पडत होतं, मग चमचाही तोंडात घेईना. दुपारनंतर ते रडायचंच थांबलं. तिला वाटलं, चला, डोळा लागला. तेवढ्यात हातातला शर्ट पुरा करावा, म्हणून ती खिडकीपाशी बसली.

बाळ गेल्यावर सासूने आरडाओरडा केला नाही, की शिव्या दिल्या नाहीत. मोठ्या नातीचे, ठकूचे, कपडे बांधले आणि तिला नेऊन नणंदेकडे ठेवलं. "जिला एक सांभाळता आलं नाही, तिच्या हाती दुसरं नको." ठकू चार वर्षांची होती. नणंदेला मूल नव्हतं. मुकीचा नवरा आईपुढे खाली मान घालायचा, ती वर यायची थेट जेवायला बसल्यावर. त्यामुळे त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं.

मुकी ताईंकडे गेली. तिला पाहून ताई रडल्या, अगदी मनापासून रडल्या. त्यांच्यासमोर मुकीने ते शर्टाचंही सांगून टाकलं, जे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती. बाळ गप्प झालं तेव्हा मला बरं वाटलं हो ताई, बरं वाटलं.

ताईंनी पदराने आधी तिचे, मग स्वतःचे डोळे पुसले. "तुझ्या सासूशी मी बोलते. माझा शब्द ती खाली पडू देत नाही. पण सून शहाणी झाली, हे मला दाखवता आलं पाहिजे ना? तू माझ्याबरोबर चल. माझं ऐकून बायकांचे कान किटलेत. जिचं गेलंय तिचं ऐकतील."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"तुम्ही म्हणाला होतात, दात…"

पिशवीचा सुटलेला बंद ताईंनी पुन्हा बांधला. "ते सांगितलंस तर उद्यापासून एकही दार मला उघडणार नाही. मग जी पोरं मी वेळेवर पाठवते, ती कोण पाठवेल? तू? एवढंच म्हण, ताईंनी दवाखाना सांगितला होता, मी ऐकलं नाही. ठकू हवीय ना तुला?"

हवी होती.

पहिल्या घरी तिला दोन वाक्यं जेमतेम जमली. पण ताईंना शिकवायची हातोटी होती. इथे श्वास घे. इथे बाळाच्या आईकडे बघ, माझ्याकडे नको. आणि ते शर्टाचं सांग. "ते काळजात रुततं बघ." मुकी काजासारखी गोष्टही घोटून घेत गेली. सगळ्या खोट्या गोष्टीत ते शर्टाचं तेवढं खरं होतं, आणि तेवढंच सांगताना तिचा आवाज फुटायचा. बायका आपापली मुलं छातीशी धरायच्या.

गोष्ट कामाला आली. खालच्या अंगाला राहणारी एक नवी आई, सासूला न जुमानता, अनवाणी बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. बाळ वाचलं. "तासाभरात गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. ताईंनी भर रस्त्यात मुकीला मिठी मारली. "बघितलंस? तुझ्यामुळे!" ती आई बाळ दाखवायला आली, तेव्हा मुकीने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली; अंगातलं पाणी आटलं की ती तशीच उभी राहते. ती चटकन जागेवर गेली. मुकी पुन्हा पुन्हा चिमटा घेत राहिली, शेवटी त्या आईनेच बाळ ओढून घेतलं.

"ताई, सासूबाईंशी बोललात?"

"बोलते गं. घाई केली की विषय नासतो."

मग मेळावा आला. शाळेच्या सभागृहात खुर्च्या, व्यासपीठावर डॉक्टर, माइक. ताईंनी स्वतः जाऊन मुकीच्या सासूला आणि नणंदेला बोलावून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मुकीच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "आज जीव ओतून सांग. त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू दे, तू किती बदललीस ते. मग मी आहेच."

नणंदेच्या मांडीवर ठकू होती. पायात नवे बूट. मुकीने त्या बुटांकडे बघत गोष्ट सांगितली, आणि आजवर सांगितली नव्हती इतकी चांगली सांगितली. शर्टापाशी आल्यावर सभागृहात खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही. नंतर टाळ्या किती तरी वेळ चालल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

बाहेर व्हरांड्यात ताई तिचा हात धरून सासूपुढे गेल्या. "ऐकलंत ना? आता पोरीला घरी पाठवा. माझा शब्द."

सासू शांतपणे म्हणाली, "ताई, खरं सांगू? एवढे दिवस माझंच मन मला खात होतं. वाटायचं, बिचारीचा काय दोष, मीच जास्त कडक वागले. आज तर धाडायचंच ठरवून आले होते, कपडे बांधून ठेवलेत पोरीचे." ती मुकीकडे वळली. "पण तू तुझ्या तोंडाने सांगितलंस. ताईंनी सांगूनही नेलं नाहीस. पोर गप्प झालं तर तुला बरं वाटलं. शर्ट पुरा केलास. हे ऐकून तुझ्या हवाली करू हिला?"

मुकीने ताईंकडे पाहिलं. ताई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"ताईंनी दवाखाना सांगितलाच नव्हता," मुकी म्हणाली. "मी विचारलं होतं. जिन्यात. दात येतायत म्हणाल्या."

भोवतीच्या बायका वळून बघू लागल्या. जिचं बाळ वाचलं होतं, ती पुढे आली. "लाज वाटत नाही? ज्यांनी माझं पोर वाचवलं, त्यांच्यावर ढकलतेस? आत्ताच तर माइकवर बोललीस!"

"बोलू दे गं तिला," ताई म्हणाल्या. मुकीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला होता, आणि तो हात खरोखर मायेचा होता. "दुःखात माणूस काहीही बोलतं. मनावर घेऊ नका कुणी."

"बटण तुटलं वहिनीचं," नणंद म्हणाली, पण या वेळी ती हसली नाही.

मुकी खाली बसली, ठकूच्या उंचीला आली. "ठकू, जेवलीस का गं?"

ठकू आत्याच्या पायांमागे सरकली. पोटावर दोन्ही हात घट्ट दाबून म्हणाली, "माझं पोट नाही दुखत. खरंच नाही दुखत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून हाक आली. "अगं, ऐकलंस का? चल लवकर. मागच्या गल्लीत एक आई आहे, अजिबात ऐकत नाही."

मुकी जिन्याच्या तोंडाशी आली. "वर या."

"गुडघा गं माझा. खालूनच सांगते. कालचं सोडून दे. तुझ्या सासूशी मी पुन्हा बोलेन, चार दिवस जाऊ दे. तू फक्त चल."

"वर या, ताई."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ताईंनी भिंतीला हात टेकला आणि पहिली पायरी चढली. मग दुसरी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, थांबत, कण्हत. जिना अर्धा झाला तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम होता. मुकी हलली नाही, की तिने हात पुढे केला नाही. वर पोचेपर्यंत ताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. चौकट धरून त्या वाकल्या, तोंड उघडं, बोलता येईना.

"पाणी," त्या कशाबशा म्हणाल्या. "पाणी दे गं जरा."

मुकीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. खूप जवळून, नीट पाहिलं.

"होतं असं," ती म्हणाली. "घाबरू नका."

मग तिने दार लावलं, खिडकीपाशी बसली आणि ढिगातला वरचा शर्ट मांडीवर घेतला.