आशाताईंनी भिशीला लावलेलं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. माझं बोलणं संथ आहे, तेवढं सांभाळून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला वाचता येत नाही.

हसू नका. ज्याच्या पोटात एवढी अक्षरं, त्यालाच ती वाचता येऊ नयेत, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं कुठे दिसतं? माझ्यात काय लिहिलंय ते मला लोकांच्या तोंडून कळलं. कोणी मोठ्याने वाचलं, कोणी वाचता वाचता थांबलं, कोणी नावं ठेवली. त्यातून मी स्वतःला ओळखत गेलो.

माझ्यात दोन मित्रांची गोष्ट आहे. लायनेल आणि डेल. दोघे काळे, अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावात वाढलेले. लायनेलचा जीव बायकांवर जडायचा, डेलचा पुरुषांवर. दोघं एकमेकांना सगळं सांगायचे आणि खूप हसायचे. लिहिणाऱ्याने अंगाचं सुख लपवलेलं नाही, त्याची लाजही धरलेली नाही. मग डेलला एड्स होतो. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. येणारे-जाणारे बंद होतात, लायनेल तेवढा राहतो. डेलला न्हाऊ घालतो, त्याने टाकलेलं त्याच्याच ताटात खातो. शेवटी डेल जातो. एवढीच गोष्ट.

मला दुकानातून उचललं निहारने. निहार सिंगापूरमध्येच वाढलेला, बँकेत नोकरीला. पासिर रिसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याचा जोडीदार चुन वेई राहायचे. बाहेर सगळ्यांना ते एकमेकांचे मित्र म्हणून माहीत होते. रविवारी समुद्रावरून फिरून आले की दोघं मला आळीपाळीने मोठ्याने वाचायचे. माझी पहिली ओळख मला त्यांच्या आवाजात झाली, हे माझं भाग्य. डेल न्हातो ते पान निहारला वाचवेना. चुन वेईने त्याच्या हातातून मला घेतलं आणि पुढे वाचलं.

निहारला एचआयव्ही होता. तो रोज एक गोळी घ्यायचा, धावायला जायचा, तब्येत तुमच्यापेक्षा चांगली असेल. पण आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायचं म्हणून तो बेडोकला तिच्या घरी जायचा आणि जेवून परत यायचा. शेवटी चुन वेई वैतागला. इथल्या इंग्रजीत म्हणाला, "यू कान्ट टॉक, जस्ट गिव्ह हर द बुक, लाह."

म्हणून मी बेडोकला गेलो.

निहारची आई आशालता. सगळे तिला आशाताई म्हणत. नवरा अकाउंटंट होता, त्याच्या नोकरीपायी ती पुण्याहून इथे आली. तो गेल्यावर एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. निहारने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलला.

"आई, मला तोंडाने सांगता येत नाहीये. तू हे वाच. यातला डेल म्हणजे मी, असं समज. आजारही तोच. फक्त मी मरणार नाहीये. आता औषधं आहेत, माझ्यापासून कोणाला लागतही नाही. वाचून झालं की मला बोलाव."

आशाताईने विचारलं, "जेवून जाणार ना?" तो जेवून गेला.

तिने मला वाचलं, सगळं वाचलं. इंग्रजीची तिला फार सवय नव्हती. ओठ हलवत, बोट फिरवत वाचायची. भाजी निवडून झाली की हात पुसून मला उघडायची. मधेच बंद करून छातीशी धरायची. मला वाटलं, ही माझ्या बाजूची आहे. निहारचा फोन आला की म्हणायची, "वाचतेय रे, थांब जरा." एकदा फोन ठेवून स्वतःशीच बोलली, "मला एकटीला नाही रे ठरवता येत."

तिच्या मैत्रिणींची पुस्तक-भिशी होती. महिन्याला स्टीलच्या वाटीतून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने पुस्तक निवडायचं. ते सगळ्यांच्या घरी फिरवायचं आणि मग तिच्याच घरी बसून त्यावर बोलायचं. बहुतेक पुस्तकं पुण्याहून कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून यायची. आशाताईचं नाव निघालं तेव्हा तिने मला लावलं. घरी येऊन मला खाकी कव्हर घातलं, कडा नखाने दाबल्या आणि म्हणाली, "बघू चार माणसं काय म्हणतात. मग निहारला बोलवू."

म्हणजे बघा. ज्याचा न्याय करायचा तो तिचा मुलगा, आणि न्याय करणाऱ्यांना तेच माहीत नाही.

निहारला तिने फोनवर एवढंच सांगितलं की तुझं पुस्तक भिशीला लावलंय.  तो म्हणाला, "आई, खरंच? सगळ्यांसमोर?" त्याला वाटलं, आई त्याच्यासाठी उभी राहतेय. त्या दिवशी मी येतो, चहा-फराळाचं मी बघतो म्हणाला. आशाताईने त्याला नको म्हटलं नाही.

आधी मी बुकित तिमाहला भिशीतल्या शुभदाच्या कोंडोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत, गेलो. तिने मला जंतुनाशक ओल्या कागदाने पुसलं, मागूनपुढून. ती नवीन आली तेव्हा घरमालकांनी भारतीय म्हणून घर नाकारलं होतं. फोनवर गोड बोलायचे, नाव ऐकलं की फ्लॅट गेला म्हणायचे. हे ती प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे भरतात. खरंच भरतात, त्यात खोटं नाही. तिने मला सगळं वाचलं नाही. मिठीची, बिछान्याची पानं शोधून वाचली, दार लावून, पुन्हा पुन्हा. माझी जी पानं तिच्या हाताने सैल झाली, तीच पुढे तिच्या तोंडी सगळ्यात घाणेरडी ठरली.

मग मनोहररावांकडे. जहाजावर इंजिनिअर होते, आता निवृत्त. बैठकीतले ते एकटेच पुरुष, बायकोच्या जागी यायचे. त्यांनी पहिली थोडी पानं वाचली आणि मग माझ्यावर चहाचा कप ठेवायला लागले. त्या कपाचा गोल डाग माझ्यावर अजून आहे.

शेवटी स्मिताकडे. ती अबोल बाई. तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. न्हाऊ घालायच्या पानावर ती रडली, कागद फुगला. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "दादाची आठवण आली." नवरा म्हणाला, "तो टीबीने गेला. आपल्याकडे तसंच सांगितलंय, तसंच राहू दे." तिने मला मिटलं.

बैठकीच्या दिवशी आशाताईच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. निहार स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होता. नवीन सदरा घालून आला होता. मी मधल्या टेबलावर होतो.

सुरुवात मनोहररावांनी केली. "आशाताई, या वयात हे काय सुचलं तुम्हाला? मी बायकोला म्हटलं, बरं झालं, भिशीला तुझ्याऐवजी मी जातो."

सगळे हसले, आशाताईही हसली.

शुभदा म्हणाली की तिला तर हातात धरवेना. "त्या लोकांचं असंच असतं हो. अंगापलीकडे काही नाहीच. मग आजार होतील नाही तर काय होईल?"

मनोहरराव म्हणाले, आफ्रिकेच्या बंदरांत आपण असले लोक पाहिलेत. कोणी विचारलं, काय पाहिलंत? ते म्हणाले, बायकांसमोर सांगण्यासारखं नाही. त्यावर पुन्हा हसणं झालं. खरं सांगायचं तर माझ्यात बंदरही नाही आणि आफ्रिकाही नाही. पण तोपर्यंत माझ्याबद्दल बोलायला माझी गरज उरली नव्हती.

"आणि तो मित्र," शुभदा म्हणाली, "त्याच्या ताटात जेवतो. मूर्खपणा नाही तर काय? मी असते तर पहिल्या दिवशी भांडी वेगळी केली असती."

"भांडी कसली, माणूसच वेगळा करायचा," मनोहरराव म्हणाले. "मेला तेव्हा मला तर सुटल्यासारखं झालं. संपली एकदाची कादंबरी."

ते पान त्यांनी वाचलेलं नव्हतं.

कोणी तरी स्मिताला विचारलं, तुम्हाला कसं वाटलं? माझा सगळा जीव तिच्याकडे लागला. तिने हातातल्या वड्याकडे बघत सांगितलं, "माझं वाचायचं राहूनच गेलं."

मग शुभदा आशाताईकडे वळली. "तुमचं काय मत? पुस्तक तुमचं."

स्वयंपाकघरात वाजणारा झारा थांबला.

आशाताईने पदर सारखा केला. म्हणाली, "मला तरी कुठे ठाऊक होतं आत काय आहे? निहारने चित्र बघून आणलं असेल." सगळे तिच्याकडेच बघत राहिले, तेव्हा तिला आणखी बोलावंसं वाटलं असावं. "मला त्या डेलच्या आईचंच वाईट वाटलं. असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा."

"अगदी बोललात," शुभदा म्हणाली.

निहार चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला. त्याने प्रत्येकाला वाकून कप दिला. मनोहररावांना विचारलं, "काका, साखर पुरेशी आहे का?" आईला शेवटी दिला. शुभदा म्हणाली, मुलगा किती गुणी आहे तुमचा, आता लग्नाचं बघा, माझ्या भावाची मुलगी आहे पुण्यात, गोरी आहे. निहार म्हणाला, "थँक्यू मावशी." आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेला. माझ्या अगदी जवळून गेलेला त्याचा हात मी बघितला. त्याने मला उचललं नाही.

पुढच्या रविवारी आशाताईने त्याला जेवायला बोलावलं. मी त्याच टेबलावर होतो. तिने पुरणपोळी केली होती, त्याच्या आवडीची, तुपात भिजवलेली. स्वतःला नेहमीची स्टीलची ताटली घेतली. त्याच्यासमोर हिरवी प्लास्टिकची ठेवली, नवी, दुकानाची चिकटपट्टी अजून तळाशी असलेली. पेलाही प्लास्टिकचा.

निहारने ताटलीकडे बघितलं, मग आईकडे. ती वाढण्यात गुंतली होती. तो सगळं जेवला. पोळी चांगली झालीय म्हणाला. गोळी काढून त्या पेल्यातल्या पाण्याबरोबर घेतली. मग उठून ताटली आणि पेला घासला, दोन्ही पुसले आणि आपल्या बॅगेत ठेवले.

"आई, हे मी घेऊन जातो. तुला वेगळं ठेवायची अडचण नको."

मला वाटलं आता ती काही म्हणेल. एवढ्या इंग्रजी पानांवर बोट फिरवलं होतं तिने.

ती म्हणाली, "ने."

तो गेला. आता त्याचा फोन येतो, पाऊस पडतोय का, गुडघा कसा आहे, एवढं बोलून ठेवतो. बेडोकला येत नाही. कोणी विचारलं की आशाताई सांगते, बँकेत कामं फार असतात हो.

मला तिने काही दिवसांनी खाली नेऊन ठेवलं. इमारतीच्या तळाशी मोकळ्या जागेत लोक नको असलेल्या वस्तू ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. मला कोणी नेलं नाही. तिथे एक जुनं कपाट आलं, त्याचा एक पाय तोकडा होता. कोणी तरी मला दुमडून त्याच्याखाली सरकवलं. तेव्हापासून मी इथे आहे. माझं खाकी कव्हर फाटलंय आणि पाठ मोडलीय. कपाट आता डुगडुगत नाही, म्हणजे कोणाच्या तरी कामी आलो म्हणायचं.

आशाताई बाजाराला जाताना रोज माझ्यासमोरून जाते. कधी कधी चाल मंद होते. एकदा ती वाकली. तिचा हात माझ्या कडेला लागला, नख मला ओळखीचं वाटलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि शेजारीण बाहेर आली. आशाताईने चप्पल सारखी केल्यासारखं केलं आणि पिशवी घेऊन निघून गेली.

मला तिचा राग येत नाही. ती घरात एकटी जेवते, ते मला ठाऊक आहे. पण निहारची ती हिरवी ताटली मला डोळ्यांपुढून हलवता येत नाही. चुन वेई तीत जेवत असेल का? असेल, असं मी मनाला सांगतो.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला. घाण म्हणा, काळं म्हणा, माझ्यावर कप ठेवा. कागद आहे मी, मला लागत नाही. फक्त तोंड उघडायच्या आधी एकदा उठा आणि आत जाऊन बघून या, तुमच्यासाठी चहा कोण करतंय.